नामिबियाची माणसं बाजरीच्या दाण्यांनी मांडून बघा

माझ्या शिकवणीत कुणी आफ्रिकेतल्या नामिबियाबद्दल 'नामिबिया, घनता ३.७' (म्हणजे चौरस किलोमीटरला सरासरी ३.७ माणसं) असं पाठ करून आलं की मी त्याच्यापुढे मूठभर बाजरी ठेवते. त्या आकड्याचा परीक्षेत एक गुण मिळतो, देश मात्र कळत नाही. लोक नेमके कुठे आहेत, हे सरासरी सांगत नाही.

२०२३च्या जनगणनेत ३०,२२,४०१ माणसं मोजली गेली. दहा हजारांना एक दाणा धरा. ३०२ दाणे लागतील. नकाशा वर्तमानपत्राच्या पानाएवढा तरी काढा, कारण देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे.

आधी नद्या काढा. बारमाही नद्या सगळ्या सीमेलगत: उत्तरेला कुनेने, ओकावांगो, झांबेझी आणि दक्षिणेला ऑरेंज. मधल्या नद्या पाऊस पडला तर वाहतात. पश्चिम किनारा म्हणजे नामिब वाळवंट.

आता दाणे. ओहांग्वेना, ओमुसाती, ओशाना, ओशिकोतो या उत्तरेकडच्या चार प्रांतांत मिळून ११४. इथे पावसाळ्यात अंगोलाच्या बाजूने पाणी येऊन उथळ ओढे भरतात आणि शेतात 'महांगू' पिकतो, म्हणजे आपली बाजरीच. (तांदूळ न घेण्याचं कारण हे.) कावांगोचे दोन प्रांत आणि झांबेझी मिळून ४८. राजधानी विंडहुकवर ४९. मग दक्षिणेचा कारास प्रांत घ्या: अर्ध्या महाराष्ट्राहून मोठा, आणि दाणे फक्त ११! इथे पोरं हमखास विचारतात, "बाई, मोजायला चुकलात का?" उरलेले ऐंशी मधल्या आणि किनाऱ्याच्या प्रांतांत पसरा, वॉल्विस बे आणि स्वाकोपमुंडकडे जरा जास्त.

यानंतर जमातींच्या चिठ्ठ्या. ओवाम्बो साधारण निम्मे, त्यांची मोठी चिठ्ठी उत्तरेत. पण ती ठेवण्याआधी नकाशावर पूर्व-पश्चिम एक लाल रेघ ओढा. १८९६-९७मध्ये गुरांच्या बुळकांडीची साथ अडवायला तेव्हाच्या जर्मन राज्यकर्त्यांनी नाकेबंदी केली, पुढे तिथे कुंपण आलं, ते अजून आहे. रेघेच्या दक्षिणेची चांगली कुरणं गोऱ्यांच्या ताब्यात गेली. जर्मनांनंतर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीतही उत्तरेचा माणूस खाली यायचा तो बहुतेक कंत्राटी मजूर म्हणून. हिशेब गुरांचा होता, पण माणसंही त्याच रेघेने वाटली गेली.

हेरेरोंची चिठ्ठी छोटी, सुमारे सात टक्के. असं का, ते शिकवताना मी घाई करत नाही. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. वॉटरबर्गच्या लढाईनंतर हेरेरोंना ओमाहेकेच्या रुक्ष प्रदेशात हाकललं आणि पाणवठे अडवले. बहुसंख्य हेरेरो मेले. जर्मनीने २०२१मध्ये याला वंशसंहार म्हटलं.

दामारा आणि नामा यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या करा, भाषा एकच असली तरी. रेहोबोथ गावाला बास्टर, म्हणजे मिश्र वंशाचे लोक. सान लोकांची चिठ्ठी पूर्वेकडे.

विंडहुकवर एकच चिठ्ठी ठेवू नका. तिथल्या कातुतुरा वस्तीत वर्णभेदाच्या काळात जमातवार विभाग पाडले होते, म्हणून निदान चार-पाच चिठ्ठ्या हव्यात. आणि जुन्या अ‍ॅटलासवर 'कॅप्रिव्ही' छापलं असेल तर खोडून 'झांबेझी' लिहा. प्रांताचं नाव २०१३मध्ये बदललं.