मेंदूभोवतीचा रक्तस्राव: घरी आल्यावर या चुका टाळा

‘ऑपरेशन झालं, रक्त निघालं, टाके काढले, आता काय राहिलं?’ असं म्हणून निर्धास्त झालेली काही घरं त्याच पेशंटला घेऊन महिन्याभरात कॅज्युअल्टीत परत येतात. चुका दर वेळी त्याच असतात. त्यातल्या बहुतेक घरच्या घरी टाळता येतात, म्हणून हे लिहिणं. डोक्याला मार लागून ड्यूराखाली रक्त साठलेल्या, म्हणजे सबड्यूरल हिमॅटोमा झालेल्या, मोठ्या माणसांपुरतंच हे आहे. लहान मुलांचं सगळं वेगळं असतं.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या. ड्यूरा हे मेंदूवरचं सगळ्यात बाहेरचं, जाड आवरण. मेंदूच्या पृष्ठभागावरून त्याच्याकडे बारीक शिरा जातात. डोक्याला हिसका बसला की त्या तुटतात आणि रक्त ड्यूराखाली पसरतं. वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो आणि या शिरा कायम ताणलेल्या राहतात. बरीच वर्षं दारू पिणाऱ्यांचंही तेच. म्हणून सत्तरीतल्या माणसाला मोरीत पाय घसरून डोकं भिंतीवर आपटणं एवढंही पुरतं. तीन आठवड्यांपेक्षा जुनं झालेलं रक्त पातळ, काळपट पाण्यासारखं होतं आणि त्याच्याभोवती पडदा धरतो. या पडद्यातल्या नव्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, त्या झिरपत राहतात. कवटीला भोक पाडून रक्त काढलं तरी पडदा आतच असतो, त्यामुळे जागा पुन्हा भरू शकते. केंब्रिजमधल्या एका चाचणीचे निकाल २००९ मध्ये आले. ऑपरेशननंतर ड्रेन (उरलेलं रक्त बाहेर काढणारी नळी) ठेवलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के पेशंटचं रक्त पुन्हा काढावं लागलं, ड्रेन न ठेवलेल्यांपैकी २४ टक्क्यांचं. ड्रेन ठेवूनही दहा-अकरातला एक जण परत येतो, हा आकडा डोक्यात ठेवूनच पहिले तीन महिने काढायचे.

सगळ्यात मोठी चूक: ‘वय झालंय’ म्हणणं

घरातले डोकेदुखीची वाट बघत बसतात. डोकं दुखत नाही ना, मग सगळं छान. वयस्कर माणसाच्या कवटीत मेंदू आकसल्यामुळे मोकळी जागा असते, त्यामुळे रक्त बरंच साठेपर्यंत डोकं बऱ्याचदा दुखतच नाही. आधी बदलतं ते वागणं, चालणं आणि एका हाताची पकड.

नेहमीचा प्रसंग सांगते. बहात्तर वर्षांचे गृहस्थ, उजव्या बाजूचं रक्त काढलेलं, घरी येऊन तीन आठवडे झालेले. एका सकाळी डाव्या हातातून कप सुटतो. दोन दिवसांनी डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि त्यांच्या लक्षातही येत नाही. दुपारची झोप एक तासावरून तीन तासांवर जाते. पेन्शन जमा झाली का, हे सकाळपासून चौथ्यांदा विचारतात. सून म्हणते, बाबांचं काहीतरी बिनसलंय. मुलगा म्हणतो, वय झालंय, आजारपणाने थकलेत. सहाव्या आठवड्याचा सीटी स्कॅन ठरलेला असतो, पण ‘बरे आहेत, उगाच कशाला खर्च’ म्हणून तोही पुढे ढकलला जातो. मग अंथरुणात लघवी होते, ती लघवीच्या इन्फेक्शनवर ढकलून अँटिबायोटिकचे पाच दिवस जातात. शेवटी एका पहाटे हाक मारूनही ते उठत नाहीत. सीटीत उजवीकडे पुन्हा भरलेलं रक्त आणि डावीकडे सरकलेला मेंदू दिसतो.

कप सुटला त्याच दिवशी आणलं असतं तर ते स्वतः चालत आले असते. उजव्या बाजूचं रक्त आणि डावा हात-पाय ही जोडी घरातल्या एकालाही कुणी समजावून सांगितलेली नसते. ती आता लक्षात ठेवा: दाब ज्या बाजूला, कमजोरी बहुतेक वेळा त्याच्या उलट बाजूला.

यावर उपाय म्हणजे एक वही आणि रोजची पाच मिनिटं. सकाळच्या चहानंतर, रोज एकाच वेळी, शक्यतो एकाच माणसाने हे करायचं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, सकाळी काय खाल्लं, हे विचारा. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर समोर, तळवे वर, डोळे मिटून दहा आकड्यांपर्यंत धरायला सांगा. एक हात खाली यायला लागला किंवा तळवा आत वळला, तर ती कमजोरी आहे, मग पेशंट काहीही म्हणो. शर्टाची दोन बटणं लावायला सांगा. दहा पावलं चालवा. वहीत तारखेखाली सही घ्या. कालची आणि आजची सही शेजारी असली की अक्षर घसरलेलं लगेच कळतं. उत्तरं शब्दांत लिहा, नुसत्या बरोबरच्या खुणा करू नका. कालच्यापेक्षा काही बिघडलेलं दिसलं तर त्याच दिवशी न्यूरोसर्जनला फोन करा. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. वही कंटाळवाणी आहे म्हणून चौथ्या दिवशी सोडणारे बरेच असतात. तिचा उपयोग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होतो, तेव्हा ती चालू असली पाहिजे.

गोळ्यांचा जुना डबा

दुसरी चूक स्वयंपाकघरातल्या फडताळात असते. आठवड्याच्या सात कप्प्यांचा डबा अपघाताआधीच भरून ठेवलेला असतो आणि त्यात रक्त पातळ करणारी इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच), क्लोपिडोग्रेल किंवा ॲसिट्रोम तशीच पडून असते. दवाखान्यातून घरी आल्यावर कुणीतरी सवयीने तोच डबा पुढे करतं. ॲस्पिरिनने निकामी झालेल्या प्लेटलेट बदलायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे ‘एकच तर गेली’ हे खरं नव्हे.

उलटी चूकही तितकीच घातक. रक्तस्राव झाला म्हणून घाबरून रक्त पातळ करणारी गोळी कायमची बंद करून टाकायची. हृदयात धातूची झडप असेल किंवा नुकताच स्टेंट बसवला असेल, तर गोळीविना जाणाऱ्या प्रत्येक दिवसाला किंमत आहे. कधी थांबायचं आणि कधी सुरू करायचं, हे न्यूरोसर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं. डिस्चार्ज घेताना त्या गोळीपुढे पुन्हा सुरू करण्याची तारीख, किंवा ‘सीटी बघून ठरवू’ असं, लिहून घेतल्याशिवाय हलू नका. घरी आल्या आल्या डबा रिकामा करा, जुन्या पट्ट्या पाकिटात घालून वर ‘विचारल्याशिवाय नाही’ असं लिहा आणि नव्या कागदाप्रमाणेच डबा पुन्हा भरा.

डोकेदुखीच्या गोळ्यांचंही तेच. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅकसुद्धा चालत नाहीत. दुखलं तर पॅरासिटामॉल, लिहून दिलेल्या मात्रेत, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजणीत धरा. वजन पन्नास किलोच्या खाली असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर दिवसाची मर्यादा आणखी खाली येते, ती विचारून घ्या. आणि वाढत जाणारी डोकेदुखी गोळीखाली दाबून कामं उरकत राहू नका. मार्च २०२४ मध्ये सद्गुरू जग्गी वासुदेव यांच्यावर मेंदूतल्या रक्तस्रावामुळे दिल्लीत तातडीची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी सुमारे चार आठवडे तीव्र डोकेदुखी असूनही त्यांचे कार्यक्रम चालूच होते.

‘गोळीने रक्त विरघळतं’ म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं स्टेरॉइड आणणारेही भेटतात. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं, पण सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले त्यांच्यात ८४ टक्के होते आणि न घेतलेल्यांत ९० टक्के. शिवाय साखर वाढते, इन्फेक्शन होतं.

फिटची गोळी आणि चिडका स्वभाव

लेव्हेटिरासेटाम ही फिटची गोळी सुरू असलेला शांत माणूस अचानक ताटं आपटायला लागतो, घरातले म्हणतात अपघाताने स्वभाव बिघडला. तो त्या गोळीचा ओळखीचा दुष्परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलतील. मनाने बंद करू नका, एकदम बंद केल्यानेही फिट येऊ शकते. काहींना ही गोळी फक्त सात दिवसांसाठी असते, काहींना महिनोन्‌महिने, म्हणून शेजारच्या पेशंटशी तुलना नको.

फिट आलीच तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा, यातलं काहीही नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. या पेशंटची फिट किती मिनिटं चालली याला महत्त्व आहे, पण मिनिटभरात थांबली तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. पाच मिनिटं झाली तर १०८ लावा.

‘भरपूर पाणी पाजा’

डोक्याच्या दुखापतीनंतर रक्तातलं सोडियम घसरणं नेहमीचं आहे. नॉर्मल १३५ ते १४५. बीपी आहे म्हणून मीठ बंद, उष्णता वाढली म्हणून तांब्यावर तांबे पाणी, त्यात बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, असं तिन्ही जमलं की सोडियम आणखी खाली जातं. पेशंट गुंगतो, मळमळतं, बरळतो, फिटही येते. दिसायला हे पुन्हा रक्त साठल्यासारखंच दिसतं. घरी ओळखायच्या भानगडीत न पडता दोन्ही तपासण्या करून घ्या, सीटी आणि सोडियम. पाणी किती आणि मीठ किती, हे डिस्चार्जच्या वेळी विचारायचा प्रश्न आहे.

दवाखान्यात असतानाच होणारी एक चूक

ड्रेनची पिशवी सलाइनच्या स्टँडला उंच टांगणं. ती डॉक्टरांनी ठरवलेल्या उंचीवर, डोक्याच्या खालीच हवी, नाहीतर बाहेर आलेलं पाणी उलटं आत जाऊ शकतं. पेशंटला बसवण्याआधी किंवा संडासला नेण्याआधी सिस्टरला बोलवा, त्या नळी बंद करतील. उशीही मनाने वाढवू नका. कुणाला सपाट झोपवतात, कुणाचं डोकं तीस अंश वर ठेवतात.

उरलेल्या, थोडक्यात

ऑपरेशननंतरच्या सीटीत थोडं पाणी आणि हवा राहिलेली दिसतेच. दबलेला मेंदू पसरायला आठवडे लागतात. रिपोर्टपेक्षा पेशंटची अवस्था काय सांगते ते बघा.

टाके निघून जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत तेल नाही, हळद नाही, चंपी तर नाहीच.

कुंथणं टाळा. इसबगोल किंवा लिहून दिलेलं औषध पहिल्या दिवसापासून, तीन दिवस पोट साफ न झाल्यावर नव्हे.

झोपून पाजू नका. ताठ बसवून भरवा आणि नंतर अर्धा तास तसंच बसू द्या. पाणी पिताना खोकला येत असेल तर थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

कवटीचा तुकडा काढून ठेवला असेल तर त्या बाजूवर झोपू देऊ नका, आणि उठताना डोक्यावर हेल्मेट हवं.

रात्री लघवीला एकट्याने जाऊ देऊ नका. पलंगाच्या काठावर मिनिटभर बसवा, मग उभं करा. पायपुसणं उचला, दिवा लावून ठेवा. दुसरं पडणं पहिल्यापेक्षा महागात जातं.

दारू नाही. ‘थोडी’ पण नाही.

तरुण पेशंटची घाई हा वेगळाच ताप. दहाव्या दिवशी बाइक, पंधराव्या दिवशी जिम. सुरुवात घरात दहा मिनिटं चालण्यापासून, दिवसातून दोनदा, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत. त्रास वाढला तर आदल्या पातळीवर परत. कामावर आधी अर्धा दिवस. वजन उचलणं आणि गाडी चालवणं न्यूरोसर्जनने लेखी सांगितल्यावरच, आणि फिट आलेली असेल तर ती वाट महिन्यांची आहे. पण नुसतं पडून राहणंही नको. पोटरी सुजली, दुखली तर लगेच दाखवा, ती शिरेतली गुठळी असू शकते.

परत न्यायची वेळ आलीच तर पिशवीत हे हवं: आधीच्या सीटीच्या फिल्म किंवा सीडी, डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांच्या पट्ट्या, ती वही. फिल्म यासाठी, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातलं रक्त सीटीत मेंदूच्याच राखाडी रंगाचं दिसतं आणि जुन्या फिल्मशी ताडून पाहिल्याशिवाय नजरेतून सुटू शकतं. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य ‘चक्कर येतेय’ असं नको. ‘अमुक तारखेला सबड्यूरलचं ऑपरेशन झालंय, परवापासून डावा हात कमजोर आहे, ॲसिट्रोम बंद आहे’ असं सांगा.