मुलाचा बेघरांसाठी उपक्रम: खोका मांडण्याआधीची तयारी

मूल बेघरांसाठी काहीतरी करू म्हणालं की सगळ्यांचे हात आधी सामान गोळा करायच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे जातात. रंगीत कागद, मोठी अक्षरं, जिन्याखाली जागा. खोका राहू द्या. ज्यांच्याकडे सामान जाणार आहे त्या निवाऱ्याला आधी फोन करा. संकेतस्थळावरची यादी वाचली म्हणजे फोन झाला असं होत नाही. ती यादी कधीची आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

विचारायचं ते कागदावर उतरवा. आत्ता काय कमी पडतंय, काय अजिबात नको, माणसं किती, त्यांत बायका किती, लहान मुलं आहेत का, कपड्यांची आणि बुटांची मापं कोणती, सामान ठेवायला जागा किती, कोणत्या वारी किती वाजता आणायचं आणि ताब्यात कोण घेणार. दहा-बारा वर्षांचं मूल हा फोन स्वतः करू शकतं, तुम्ही नुसते शेजारी बसा. त्याहून लहान असेल तर प्रश्न त्याला वाचू द्या, उत्तरं तुम्ही लिहा. नंतर ठरलेलं सगळं निवाऱ्याला दोन ओळींत लिहून पाठवा. फोन उचलणारी व्यक्ती पाळीनुसार बदलते, आणि तुम्ही खोके घेऊन पोचाल त्या दिवशी दारात वेगळंच कुणीतरी असतं.

‘काय नको’ हा प्रश्न लाजून गाळू नका, सगळ्यात जास्त मनस्ताप तोच वाचवतो. दाढीची पाती, कात्र्या, काचेच्या बरण्या, अल्कोहोल असलेला माउथवॉश या गोष्टी अनेक निवारे आत घेत नाहीत. वापरलेल्या उशा आणि गाद्या ढेकणांच्या भीतीने परत पाठवतात. औषधं तर मुलाच्या उपक्रमात नकोतच, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नको.

उत्तरं मिळाली की आकडा ठरतो. ३० माणसं असतील तर मोज्यांचे ६० जोड, अंगावर एक आणि वाळत एक. आवाहनात हा आकडा लिहा. ‘जमेल ते द्या’ असं लिहिलंत तर लोक त्यांना नको असलेलं देतात: तुटक्या चेनच्या पिशव्या, एकच बूट, लग्नाचे भरजरी कपडे. मग निवाऱ्यातल्या दोन माणसांचा अख्खा दिवस ते निवडण्यात आणि फेकण्यात जातो, आणि जागा नसेल तर सामान दारातूनच परत येतं. ते परत येताना मूल तिथेच उभं असतं. म्हणून पुन्हा सांगते, आधी फोन.

मोज्यांबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण शर्ट सगळे देतात, मोजे आणि आतले कपडे फार थोडे देतात. हे दोन्ही नवेच हवेत, धुतलेले जुने चालणार नाहीत. दिवसभर चालणाऱ्या आणि बूट काढायला जागा नसलेल्या माणसाचे पाय ओले राहतात, कातडी मऊ पडते, फाटते आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. सुती मोजा पाणी धरून ठेवतो. थंडीपावसासाठी लोकरीचा किंवा लोकरमिश्रित घ्या, जाड आणि गडद रंगाचा. गच्च इलॅस्टिकचे टाळा, सुजलेल्या पायांवर ते रुततात. आतल्या कपड्यांत मोठी मापं आधी संपतात, पण अंदाजाने खरेदी करू नका. निवाऱ्याने मापं सांगितली नसतील तर परत फोन करून विचारा.

प्रत्येकासाठी पिशवी भरणार असाल तर वजन बघा. ती माणूस दिवसभर खांद्यावर वागवणार आहे. पाण्याची एक लिटरची बाटलीच एक किलोची होते. सगळं मिळून दीड-दोन किलोच्या आत बसवा. पातळ पिशवी लगेच फाटते, त्यापेक्षा पट्ट्याची, तोंड बंद होणारी पिशवी द्या. आत साबण, टूथब्रश झाकणासकट, छोटी पेस्ट, कंगवा, लहान पंचा, मोजे. सॅनिटरी पॅड वेगळ्या बंद पुडक्यात, म्हणजे ज्यांना हवेत त्यांना ते सगळ्यांसमोर न मागता घेता येतात. साबण आणि बिस्किटं एकाच बंद पिशवीत ठेवू नका. दोन दिवसांत बिस्किटांना साबणाची चव येते, आणि ती पिशवी उघडणाऱ्याकडे खायला दुसरं काही असेलच असं नाही. खाऊ मऊ असू द्या, अनेकांचे दात दुखरे किंवा पडलेले असतात. डबाबंद असेल तर कडी ओढून उघडणारा. ओपनर कुणाकडे नसतो. शिजवलेलं अन्न पहिल्या उपक्रमात नको. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर धोका वाढतो, आणि वाटपात दोन तास सहज जातात.

आता खोका. त्यावर वस्तूंची नावं, मापं, आकडा आणि शेवटची तारीख. तारीख नसेल तर सामान महिनोन्‌महिने येत राहतं. जागेची परवानगी लेखी घ्या. पैसे येणार असतील तर मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, दोघांनी मोजून, त्याच दिवशी वहीत. सार्वजनिक ठिकाणी पैसे गोळा करायला परवाना लागतो का ते आधी तपासा. १० ऑक्टोबरला जागतिक बेघर दिन असतो, २०१० पासून पाळला जातो. शाळेत विषय मांडायला तो दिवस चांगला. सामान मात्र निवारा सांगेल त्याच दिवशी न्यायचं. आणि पहिल्या फोनला दोन आठवडे होऊन गेले असतील तर खोका मांडायच्या आदल्या दिवशी परत एक फोन. गरज बदलते. ब्लँकेटं एखाद्या मोठ्या देणगीदाराकडून कालच आलेली असू शकतात.

सामान आलं की निवडणं तेव्हाच उरका, साठवू नका. खिसे तपासा, बटणं-चेन बघा, वास घ्या. मापानुसार गठ्ठे, खोक्यावर ‘मोजे, मोठे, २० जोड’ असं बाहेरून. मुलाने उचलायचा खोका पाच किलोच्या आत.

न्यायच्या सकाळी निवाऱ्याला पुन्हा फोन. हो, पुन्हा.

रस्त्यावर थेट वाटायचं असेल तर तिथे नेहमी काम करणाऱ्यांबरोबरच, दिवसाउजेडी, दोन मोठी माणसं सोबत. झोपलेल्याला उठवायचं नाही, कुणाच्या सामानाला हात लावायचा नाही, जमिनीवरचं काही उचलायचं नाही. मुलाने नमस्कार करून ‘हे हवंय का?’ असं विचारायचं. ‘नको’ म्हणाले तर ठीक आहे म्हणून पुढे. स्वतःचा पत्ता, शाळेचं नाव सांगायचं नाही. फोटो फक्त खोक्यांचे. घेणाऱ्याचा चेहरा नको, पाठमोराही नको.

नंतरचं थोडक्यात. खोका त्याच दिवशी काढा, ज्यांनी दिलं त्यांना हिशेब कळवा, आभाराच्या चिठ्ठ्या मुलाने लिहाव्यात. आठवड्याने निवाऱ्याला विचारा, काय वापरलं गेलं, काय पडून आहे. उत्तर वहीत लिहा, तारखेसह. उरलेले फाटके कपडे निवाऱ्याकडे ढकलू नका, चिंध्या घेणाऱ्याकडे द्या.