कपडा आधी उलटा करा, मग विचारा कोणी शिवला

मी शिवणकाम करते. त्यामुळे दुकानात कपडा हातात घेतला की आधी तो उलटा करते. शिवणाऱ्याला पुरेसा वेळ दिला होता की घाईने उरकून घेतलं, हे आतल्या बाजूला लगेच दिसतं. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे टाक्यांच्या बाहेर सोडलेलं जादा कापड, किती ठेवली आहे ते बघा. अर्ध्या पेराएवढी तरी असली तर पुढे उसवून कपडा सैल करता येतो. ती नुसती काठावर असेल तर थोडा ताण पडला तरी शिवण फाटते, आणि मग मी तरी काय करणार? दोन्ही हातांनी शिवण हलकेच ताणा. टाक्यांमध्ये फटी दिसल्या तर तो कपडा परत ठेवा. काजांचे धागे सुटलेत का, खिशाच्या कोपऱ्यांना पक्के टाके आहेत का, हेही बघा. कापड उजेडासमोर धरलं की विरळ विणही कळते.

पण शिवणाऱ्याला मजुरी किती मिळाली हे शिवणीवरून कळत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावरला राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशीच तिला भेगा पडलेल्या दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. ११३४ माणसं गेली. तिथे नामांकित परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जात होते. म्हणून ब्रँडचं नाव किंवा चढी किंमत एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

ब्रँडच्या वेबसाइटवर कारखान्यांची नावं आणि पत्ते दिलेत का ते शोधा. ‘आम्ही कामगारांची काळजी घेतो’ या वाक्यातून काहीच कळत नाही. यादी नसेल तर ईमेल करून तीन गोष्टी विचारा: हा कपडा कोणत्या कारखान्यात शिवला, मजुरी नगावर मिळते की महिन्यावर, आणि तिथे कामगारांची युनियन आहे का. नगाचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. दर नगाला पैसे तुटपुंजे असले की पाणी प्यायला उठणंसुद्धा परवडत नाही.

लेबलं उपयोगी असतात, पण प्रत्येकाचा आवाका वेगळा. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय मानक) असेल तर किमान ७० टक्के धागा सेंद्रिय असतो, आणि रंगाईची रसायनं व कामगारांच्या अटीही त्यात तपासतात. लेबलावर प्रमाणन संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असायला हवा. तो जीओटीएसच्या वेबसाइटवर पडताळता येतो, तेवढे कष्ट जरूर घ्या. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० कपड्यात घातक रसायनं आहेत का एवढंच तपासतं, मजुरीबद्दल ते काही सांगत नाही. फेअरट्रेड कॉटनचं चिन्ह मुख्यतः कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे, कपडा शिवणाऱ्यासाठी नाही.

‘बांबूचं कापड’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं, म्हणजे झाडाचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. ते बनवताना लागणारा कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला अपाय करतो. लायोसेल हाही लगद्यापासूनच काढलेला धागा, पण त्यात तो वापरत नाहीत, आणि लगदा विरघळवणारं द्रावक जवळजवळ सगळं पुन्हा वापरात येतं. रिसायकल पॉलिएस्टर मुख्यतः प्लास्टिकच्या बाटल्यांपासून होतं, आणि धुताना त्याचेही सूक्ष्म तंतू पाण्यात जातात.

नवं घेण्याआधी घरातलं उसवलेलं दुरुस्त करा. वापरलेले कपडे घेणार असाल तर काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांवर कापड विरलंय का ते बघा. बटण किंवा चेन बदलता येते, विरलेल्या कापडाला मात्र रफू फार काळ टिकत नाही.

ईमेलला उत्तर आलं आणि त्यात कारखान्याचं नाव नसेल, तर त्याच ईमेलवर पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही नाव मिळालं नाही तर मी त्या ब्रँडचा कपडा घेत नाही.