कडुलिंबाचा पाला आणि चांदीचे नॅनोकण वापरून जंतुरोधक कापड कसं करायचं

कडुलिंबाच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, करायचं काम आपल्या पुण्यातच, पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मुरली शास्त्रींच्या ग्रुपने केलं आणि २००४ साली छापलं, त्यामुळे इथल्या पोरांनी प्रोजेक्टला हा विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं. फक्त कॉलेजच्या लॅबमध्येच करा, घरी नको.

२० ग्रॅम ताजा पाला स्वच्छ धुवा, बारीक चिरून १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० मिनिटं उकळा, गार झाला की फिल्टर पेपरने गाळा.

आता सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारा चांदीचा क्षार. १ लिटरला ०.१७ ग्रॅम म्हणजे १ मिलीमोलर, आणि हातात ग्लोव्हज पाहिजेतच, कातडीला लागलं तर काळे डाग पडतात ते बरेच दिवस जात नाहीत. पाणी डिस्टिल्डच घ्या, आमच्या बॅचने बीकर नळाच्या पाण्याने विसळून तसेच वापरले आणि द्रावण पांढरट गढूळ झालं, नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, दोन दिवस वाया गेले. बाटली गडद रंगाची, उजेड लागू द्यायचा नाही.

९० मिली द्रावणात १० मिली काढा हळूहळू घाला, ६० डिग्रीला ढवळत राहा, रंग फिकट पिवळ्यावरून कोऱ्या चहासारखा होतो. नुसत्या रंगावर जाऊ नका, यूव्ही-व्हिजिबलला (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजायचं यंत्र) ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या मधे पीक, म्हणजे आलेखात उंचवटा, दिसायला हवा.

कापड साधं मांजरपाट घ्या, पण आधी धुण्याचा सोडा आणि साबण घालून उकळून खळ पूर्ण काढा, नाहीतर कण धाग्याला धरत नाहीत. तयार झालेल्या नॅनोकणांच्या द्रावणात तासभर भिजवा, पिळून सावलीत वाळवा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कापड डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा धुवायचं, कारण न बदललेलं सिल्व्हर नायट्रेट स्वतःच जंतू मारतं आणि मग कापडाचा तुकडा जंतू पसरलेल्या अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर ठेवला की त्याच्या भोवती जो मोठा झोन, म्हणजे जंतू न वाढलेली मोकळी जागा, दिसतो तो नॅनोकणांचा आहे की त्याचा, काही कळत नाही. शेजारी साधं कापड आणि नुसत्या काढ्यात बुडवलेलं कापड पण तुलनेला ठेवा, आणि प्लेट ३७ डिग्रीला २४ तास. झोन छोटा आला तर लगेच नाराज होऊ नका, कण अगारमध्ये फारसे पसरत नाहीत, कापड उचलून त्याच्या खाली वाढ झालीय का ते बघा.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत साठवून लॅब असिस्टंटकडे द्या. आणि हे कापड कुणाच्या जखमेवर लावायचं नाही.