रास्पबेरी पायवर डेस्कटॉप बसवण्यापूर्वीची तयारी

इंदुरात रामबागेतल्या आमच्या छोट्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या नोंदी ठेवायला जुन्या संगणकाऐवजी रास्पबेरी पाय ४ हा एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक घ्यायचे ठरले, तेव्हापासून अशा तीन बोर्डांवर मी डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि माऊसने चालणारी प्रणाली, बसवला आहे. प्रत्यक्ष बसवण्याचे काम तासाभराचे असते. अडचण येते ती आधी न तपासलेल्या अडॅप्टरमुळे आणि ज्यावर सारी प्रणाली असते त्या मायक्रो एसडी कार्डामुळे, म्हणून या दोन वस्तूंकडे सर्वांत आधी पाहावे.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा यूएसबी-सी अडॅप्टर लागतो. २०२३ साली आलेल्या पाय ५ साठी ५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. घरातल्या मोबाइल चार्जरवरही बोर्ड सुरू होतो आणि त्यामुळेच फसगत होते. डेस्कटॉप उघडून ब्राउझर सुरू केला की विजेची मागणी वाढते, विजेचा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली जातो, पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दिसते आणि यंत्र संथ होते किंवा मध्येच पुन्हा सुरू होते. हे चिन्ह एकदा जरी दिसले, तरी पुढचे काम थांबवून आधी अडॅप्टर बदलावा. पावसाळ्यात वीज मध्येच जाते आणि लिहिणे चालू असताना वीज गेल्यास कार्डावरील फाइल्स बिघडू शकतात, म्हणून जोडणी इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्यावी.

कार्ड ३२ जीबीचे, शक्यतो ए१ किंवा ए२ अशी वेगाची खूण असलेले घ्यावे आणि त्याची खरी क्षमता तपासल्याशिवाय ते वापरू नये. आमच्या पहिल्या कार्डावर ६४ जीबी छापलेले होते, डेस्कटॉपही व्यवस्थित बसला. पण तिसऱ्या आठवड्यात नोंदींची फाइल उघडेना. एफ३ नावाच्या मोफत साधनाने पाहिले, तेव्हा कार्डात जेमतेम आठ जीबी जागा निघाली आणि त्यापलीकडे लिहिलेले सारे नाहीसे झालेले होते. वाचनालयाच्या ताई आणि मी त्या नोंदी रजिस्टरवरून पुन्हा भरल्या. संपूर्ण कार्ड भरून परत वाचणाऱ्या या तपासणीला बराच वेळ लागतो, पण तो द्यावाच.

पडद्याची केबल आधीच आणून ठेवावी, कारण पाय ४ वरील दोन्ही खाचा मायक्रो एचडीएमआयच्या असतात आणि घरातली नेहमीची केबल त्यांत बसत नाही. खरेदीसाठी जेल रोडच्या बाजारात जाण्यापूर्वी मॉनिटरची मागची बाजू पाहावी; तिथे केवळ निळी व्हीजीए खाच असेल, तर साधी केबल चालत नाही, संकेत बदलणारा कन्व्हर्टर लागतो. एकच पडदा असल्यास केबल यूएसबी-सीजवळच्या खाचेत लावावी. बोर्ड थंड राहावा म्हणून त्यावर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि छोटा पंखा असावा, कारण ८० अंशांच्या सुमारास प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि इथल्या मे महिन्यात बंद पेटीतला बोर्ड तिथवर लवकर पोहोचतो.

मेमरी ४ जीबी असेल तर ६४-बिट रास्पबेरी पाय ओएस या कार्यप्रणालीची डेस्कटॉप आवृत्ती निवडावी. ती चांगले इंटरनेट असेल तिथे आधीच उतरवून घ्यावी आणि लॅपटॉपवरील रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रामने कार्डावर लिहावी. लिहिण्यापूर्वी लॅपटॉपला जोडलेल्या बाकीच्या बाह्य डिस्क काढून ठेवाव्यात, कारण निवडलेल्या डिस्कवरील सर्व काही पुसले जाते. लिहून झाल्यावर होणारी पडताळणी वगळू नये. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लिहिण्यापूर्वी इमेजरमध्येच ठरवून घ्यावेत, कारण एप्रिल २०२२ पासून पूर्वीचे ठरावीक खाते मिळत नाही. वायफायसाठी देश भारत आणि वेळेसाठी कोलकाता निवडावे. कीबोर्डची मांडणी ब्रिटिश राहिली, तर ॲटचे चिन्ह दाबल्यावर दुहेरी अवतरणचिन्ह उमटते आणि बरोबर टाकलेला पासवर्डही चुकीचा ठरतो. म्हणून मांडणी अमेरिकी करावी. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी नंतर जोडता येते.

पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे इंटरनेट नसताना तारीख मागेच राहते आणि चुकीच्या तारखेमुळे पुढे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. पहिल्या सुरुवातीला नेटवर्क असावे. त्या वेळी यंत्र कार्डावरील जागा स्वतः वाढवून घेते. हिरवा दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज बंद करू नये.

याखेरीज दुसरे तसेच कार्ड आणि यूएसबी कार्ड रीडर हाताशी असावे. सगळे नीट चालू लागले की ॲक्सेसरीज मेनूतील एसडी कार्ड कॉपियरने त्याच दिवशी संपूर्ण प्रत करावी, ती बोर्डात घालून एकदा सुरू करून पाहावी आणि तारीख लिहिलेल्या पाकिटात घालून नोंदींच्या रजिस्टरसोबत कपाटात ठेवावी.