पॉली मरेवर वर्ग घ्यायचा असेल तर

मिरजेत आम्ही अकराजणी महिन्यातून दोन रविवारी दुपारी वाचायला बसतो. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून खडू माझ्या हातात. गेल्या वर्षी अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांवर चार बैठका ठरल्या आणि माझी शाळेतली सवय काही सुटली नाही: पहिल्या रविवारी वंश, दुसऱ्या रविवारी स्त्रीवाद, तिसऱ्या रविवारी लैंगिकता, चौथ्या रविवारी धर्म. तिसऱ्या बैठकीच्या दिवशी पाचजणींकडे अचानक पाहुणे आले. चौथीला आम्ही ख्रिस्ती बायकाच उरलो. वाटे मीच घातले होते, बायकांनी सोयीचे तेवढे उचलले.

यंदा एकच आयुष्य घेतलं: पॉली मरे. वकील, कवी आणि शेवटी धर्मगुरू. तुम्हीही हेच घ्या, आणि विषयांनी नव्हे, तारखांनी चला.

फळ्यावर आडवी रेघ मारा. एका टोकाला १९१०, बाल्टिमोर. दुसऱ्या टोकाला १९८५, पिट्सबर्ग. मधल्या तारखा एकदम भरू नका. सुरुवात दोन नकारांनी करा. १९३८ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने प्रवेश नाकारला, कारण वर्ण. पुढे हॉवर्ड विद्यापीठात कायद्याच्या वर्गात त्या एकट्याच बाई. १९४४ साली पहिल्या आल्या. वरच्या शिक्षणासाठी हार्वर्डकडे अर्ज केला, तोही फेटाळला, कारण बाई. हॉवर्ड आणि हार्वर्ड आपल्या कानाला जुळे भाऊ वाटतात. दोन्ही नावं फळ्यावर लिहा आणि हॉवर्ड हे काळ्या विद्यार्थ्यांसाठी नावाजलेलं विद्यापीठ, हे आधीच सांगून टाका. आमची पंधरा मिनिटं त्या गोंधळात गेली. दोन नकार शेजारीशेजारी आले की ‘जेन क्रो’ समजवावं लागत नाही. वर्णभेदाच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. बाईपणाच्या जाचाला मरेंनी त्याच्या जोडीचं नाव दिलं.

बसचा प्रसंग थोडक्यात उरका. मार्च १९४०, व्हर्जिनियातलं पीटर्सबर्ग, मागच्या मोडक्या सीटवर बसायला नकार, मैत्रिणीसह अटक. बसमधली जागा गोऱ्यासाठी न सोडणाऱ्या रोझा पार्क्सच्या १५ वर्षं आधी. मरेंनी गांधीजींच्या सत्याग्रहाबद्दल वाचलेलं होतं आणि कोठडीत तो करूनही पाहिला, एवढं सांगितलं की पुरे. नाहीतर सगळा तास गांधीजीच घेतात.

पैजेची गोष्ट मात्र चवीने सांगा. ‘वेगळे पण समान’ (सोयी समान असल्या की काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायला हरकत नाही) या कोर्टाने मान्य केलेल्या तत्त्वावरच थेट हल्ला करायचा, असं मरेंनी वर्गात मांडलं तेव्हा मुलं हसली. त्यांनी प्राध्यापकांशी १० डॉलरची पैज लावली: २५ वर्षांत हे तत्त्व मान्य करणारा निकाल मोडीत निघेल. तो १० वर्षांतच, १९५४ साली मोडीत निघाला. आमच्या वर्गात एकीने विचारलं, पैसे मिळाले का? असे प्रश्न येऊ द्या.

आता खरी अडचण. १९३० आणि ४०च्या दशकांत मरे डॉक्टरांकडे जाऊन पुरुषी संप्रेरकं मागत होत्या. आपण आतून पुरुष आहोत असं त्यांना वाटे. डॉक्टरांनी नकार दिला. प्रेम बायकांवर. इंग्रजीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांत फरकच नाही. आपलं क्रियापद मात्र लगेच सांगून टाकतं. मी त्यांच्या कागदपत्रांतले उतारे मराठीत केले तेव्हा ‘गेले’ लिहू की ‘गेलो’, यावर तीन रात्री घालवल्या. सापडलेली युक्ती अशी: भूतकाळात सकर्मक क्रियापदं वापरा, किंवा ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं. ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी डॉक्टरांना विचारलं’, ‘मला वाटलं’. इथे बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष, कळत नाही. सगळीकडे जमत नाही, पण बरंचसं जमतं. मरेंबद्दल सांगताना मी ‘त्या’ म्हणते, कारण चारचौघांत त्या बाई म्हणूनच वावरल्या. तुम्हाला ‘ते’ म्हणावंसं वाटलं तर म्हणा, पण का, ते वर्गाला आधी सांगा. आमच्यात लैंगिकतेवर सगळ्यात मोकळं बोलणं या व्याकरणाच्या भांडणात झालं. गेल्या वर्षी पाहुणे आलेल्या पाचहीजणी हजर होत्या.

धर्म शेवटी येतो, पण तो वेगळा काढू नका. रेने बार्लो या मरेंच्या सोबतिणीचं नाव तारखेसह लिहा: १९७३. आत्मचरित्रात मरे तिला मैत्रीणच म्हणतात. ती गेली त्याच वर्षी प्राध्यापकी सोडून, साठी उलटल्यावर, मरे धर्मशिक्षणाला गेल्या. एपिस्कोपल चर्च (अमेरिकेतलं अँग्लिकन पंथाचं चर्च) तेव्हा बायकांना धर्मगुरूची दीक्षा देतच नव्हतं. १९७६ साली नियम बदलला आणि ८ जानेवारी १९७७ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये मरेंना दीक्षा मिळाली. त्या चर्चमधली ही पहिली काळी स्त्री धर्मगुरू. (आमच्या मंडळीत ‘पाळकबाई’ म्हटलं की अजून पाळकांची बायकोच डोळ्यांसमोर येते.)

पुढच्याच महिन्यात त्यांनी पहिलं प्रभुभोजन दिलं ते नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल गावच्या चर्चमध्ये. इथे खडू पुन्हा १९३८वर न्या. नाकारणारं विद्यापीठ याच गावचं. आणि याच चर्चमध्ये १८५४ साली त्यांच्या आजीचा, कॉर्नेलियाचा, बाप्तिस्मा झाला होता, गुलाम मुलगी म्हणून. आजीचा बाप मालकाच्याच घरातला गोरा. त्या घराण्याच्या इस्टेटीतून विद्यापीठाला देणगी गेलेली. नात उभी राहिली आणि आजीच्या बायबलमधून तिने शास्त्रपाठ वाचला. हे सांगून थोडा वेळ गप्प बसा. चहा तेव्हा आणू नका.

मग प्रश्न येईलच. आमच्यात तो एका बौद्ध मैत्रिणीने विचारला: ज्या देवळाने आजीला गुलाम म्हणून वहीत लिहिलं, तिथे ही परत का गेली? बाबासाहेब १९५६ साली नागपूरला बाहेर पडले ना! माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी म्हणाले, मीही दर रविवारी सकाळी जाते. त्यावर ती म्हणाली, मग तुम्हीच सांगा. वाचनालयाचा हॉल आम्ही पाचपर्यंतच मागितला होता. तुम्ही सातपर्यंत मागून घ्या.