शेल स्क्रिप्टमध्ये तारीख आणि वेळ हाताळताना

शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, एखाद्या फाइलच्या नावात तारीख घालायची असेल, तर ‘डेट’ कमांडला अधिक चिन्हाला जोडून टक्का आणि कॅपिटल एफ द्यावा. त्यातून २०२४-०३-०९ असे रूप मिळते आणि नावांचा अक्षरक्रम हाच कालक्रम ठरतो. दोन वेळांतील अंतरासाठी टक्का आणि स्मॉल एस वापरून १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद घ्यावेत व सरळ वजाबाकी करावी. खरी फसगत बॅशमध्ये (स्क्रिप्टमधील कमांड चालवणारा एक शेल) सकाळी आठ वाजता होते: तास ‘०८’ असा येतो, सुरुवातीच्या शून्यामुळे बॅश त्याला अष्टमान (फक्त ० ते ७ हे अंक असलेली) संख्या समजतो आणि गणित तिथेच अडते, म्हणून आकड्याआधी ‘१०#’ लिहावे. लॉगमधील नोंदी, माझ्या मते, नेहमी यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेतच) ठेवाव्यात; त्यासाठी ‘डेट’चा ‘-यू’ हा पर्याय पुरतो.